उभरत्या अर्थव्यवस्थेत कंपनीचा नफा आणि वाढ कशावर ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उभरती अर्थव्यवस्था नेमकी कशाला म्हणायचं?

‘इमर्जिंग मार्केट’ हा शब्द १९८१ साली अँटवान व्हॅन अग्टमेल यांनी रूढ केला. ते तेव्हा जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करत होते. ‘तिसरं जग’ म्हटलं की गुंतवणूकदार दचकायचे, म्हणून त्यांना आशा वाटेल असं नाव हवं होतं. पुढे या नावाखाली ब्राझीलपासून व्हिएतनामपर्यंत अगदी वेगवेगळे देश आले.

कंपनी चालवणाऱ्याला दरडोई उत्पन्नाच्या व्याख्येचा फारसा उपयोग नसतो. त्याच्यासाठी खूण वेगळी आहे. मागणी वेगाने वाढते, पण व्यवहार सुरळीत होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मागे राहतात: वेळेत निकाल देणारं न्यायालय, ग्राहकाची पत सांगणारी नोंद, खंड न पडणारी वीज, वाजवी व्याजाचं कर्ज. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ याच अंतरात आहे.

देशाचा जीडीपी जोरात वाढत असेल तर कंपन्यांचा नफाही वाढणारच ना?

विक्री बहुधा वाढते. नफ्याची खात्री नाही. गुंतवणूकदारांच्या परताव्याची तर अजिबात नाही.

अमेरिकेतले वित्ताचे प्राध्यापक जे रिटर यांनी १९०० ते २००२ या काळातल्या १६ देशांचे आकडे तपासले. दरडोई उत्पन्नाची वाढ आणि शेअरबाजाराचा परतावा यांचा संबंध त्यांना उलटा आढळला. जिथे अर्थव्यवस्था जास्त वेगाने वाढली, तिथे भागधारकांना सरासरी कमी मिळालं. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारणं अगदी व्यवहारातली आहेत. मागणी वाढताना दिसली की सगळेच त्या धंद्यात उतरतात, सगळेच क्षमता वाढवतात, आणि मग तीच क्षमता चालू ठेवण्यासाठी भाव पाडतात. वाढीचा फायदा ग्राहकाला स्वस्त मालाच्या रूपाने मिळतो, कामगाराला वाढलेल्या पगाराच्या रूपाने मिळतो. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, फक्त त्या नफा-तोटा पत्रकात नफा म्हणून दिसत नाहीत. शिवाय वाढीसाठी कंपन्या सतत नवे शेअर काढतात. एकूण नफा वाढतो, पण वाटेकरी त्याहून जास्त वाढतात.

म्हणून ‘या देशात तेजी आहे, इथली कोणतीही कंपनी चालेल’ हे वाक्य मला धोकादायक वाटतं. तेजीत विक्री मिळवणं सोपं असतं. तिच्यातून पैसा हातात ठेवणं हेच अवघड काम आहे.

मग नफा मोजायचा कसा? नुसतं मार्जिन बघून चालत नाही का?

नाही. ड्युपाँट कंपनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडलेली पद्धत आजही सर्वांत उपयोगाची आहे. मालकांच्या पैशावरचा परतावा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: विक्रीवर किती टक्के नफा सुटतो, गुंतवलेली मालमत्ता वर्षात किती वेळा फिरते, आणि स्वतःच्या पैशाच्या किती पट मालमत्ता कर्जाच्या जोरावर उभी केली आहे.

समजा एक कंपनी विक्रीवर १२ टक्के कमावते, पण तिची मालमत्ता दोन वर्षांत एकदा फिरते. दुसरी फक्त ४ टक्के कमावते, पण वर्षात तीन वेळा पैसा फिरवते. कर्ज बाजूला ठेवलं तर पहिलीचा परतावा ६ टक्के आणि दुसरीचा १२ टक्के. उद्योजकांच्या गप्पांत मात्र पहिलीचंच कौतुक होतं, कारण मार्जिन लगेच दिसतं आणि पैशाचा वेग शोधावा लागतो. जिथे कर्ज महाग आहे तिथे हा वेगच कंपनीला तारतो किंवा बुडवतो.

धंदा कोणता निवडला याने जास्त फरक पडतो की कंपनी कशी चालवली याने?

दोन्हीने पडतो, पण लोक पहिल्याला फार जास्त महत्त्व देतात. रिचर्ड रुमेल्ट यांनी १९९१ साली अमेरिकन उत्पादन कंपन्यांचे आकडे मांडून दाखवलं की वेगवेगळ्या उद्योगांतल्या नफ्यात जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी जास्त फरक एकाच उद्योगातल्या कंपन्यांमध्ये असतो. पण उभरत्या देशांसाठी मला त्याहून बोलका वाटतो तो भारतातल्या कापड गिरण्यांवरचा प्रयोग.

निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांबरोबर काम केलं. काही कारखान्यांना सल्लागार मोफत दिले, बाकीचे तुलनेसाठी ठेवले. हे सल्लागार आत गेल्यावर काय दिसलं? सूत साठवायच्या खोल्यांत गोणी एकावर एक पडलेल्या, कोणत्या जातीचं सूत कुठे आहे याची पाटी नाही, खालचा माल ओलाव्याने खराब होत चाललेला. यंत्रांचे सुटे भाग कुठेही विखुरलेले. कापडातले दोष तपासून दुरुस्त केले जात, पण कोणत्या मागावर कोणता दोष वारंवार येतो याचा हिशोब कुणी मांडत नसे.

यावर केलेले उपाय तसे साधेच होते. मालाला पाट्या लावल्या, दोषांची रोजची नोंद ठेवली, यंत्रांची देखभाल ठरल्या तारखेला केली, सकाळी पर्यवेक्षकांची छोटी बैठक घेतली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधक काही वर्षांनी परत गेले तेव्हा सुचवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटलेल्या होत्या, तरीही या कारखान्यांची आघाडी टिकून होती.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. या कंपन्या किती मोठ्या होतील हे व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा जास्त ठरत होतं घरात किती पुरुष सदस्य आहेत यावर! मालकाचा बाहेरच्या माणसावर विश्वास नव्हता. चोरी झाली तर न्यायालयातून लवकर काही हाती लागेल याचीही खात्री नव्हती. म्हणून जेवढे भाऊ आणि मुलगे, तेवढेच कारखाने. वाढीची मर्यादा बाजाराने घातलेली नव्हती, विश्वासाने घातलेली होती.

ऑर्डर भरपूर आहेत, कागदावर नफाही आहे, तरी बँक खात्यात पैसा का नसतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि याचं उत्तर वेळेवर न कळल्यामुळे चांगल्या कंपन्या बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून इथे जरा थांबून हिशोब करू.

समजा कंपनीची महिन्याची विक्री १०० आहे आणि खर्च ९०. वर्षाचा नफा, व्याज आणि कर धरण्याआधी, १२० झाला. कच्चा आणि तयार माल मिळून ६० दिवसांचा साठा असतो. ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो. पुरवठादाराला मात्र ३० दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे ६० अधिक ९० वजा ३०, असे १२० दिवस कंपनीचा पैसा अडकलेला असतो. चार महिन्यांचा खर्च धरला तर खेळतं भांडवल लागलं ३६०.

आता सगळ्यांना हवी असलेली गोष्ट होते: विक्री दुप्पट होते. नफा २४० होतो. पण अडकलेला पैसाही ७२० होतो, म्हणजे आणखी ३६० उभे करायचे. कर्ज १४ टक्क्यांनी मिळत असेल तर ७२० वर व्याजच सुमारे १०० जातं. नफ्यातले उरले १४०. लागतात ३६०. ऑर्डर वाढल्यामुळेच कंपनी तुटीत आली.

यात फक्त एक गोष्ट बदलू. ग्राहक ९० ऐवजी ६० दिवसांत पैसे देतो. पैसा अडकण्याचा काळ ९० दिवसांवर येतो, दुप्पट विक्रीला भांडवल लागतं ५४०, म्हणजे आधीपेक्षा १८० जास्त. व्याज ७६ च्या आसपास, नफ्यातले उरले १६४. तीच कंपनी, तोच माल, तेच मार्जिन. पण आता ती जवळजवळ स्वतःच्या बळावर दुप्पट होऊ शकते. विक्री विभागाला या ३० दिवसांसाठी जेवढं झगडायला लावाल, तेवढं नव्या ऑर्डरसाठीही लावू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एका यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीचे हिशोब मी तपासत होतो. भिंतीवर ऑर्डरचा फळा खच्चून भरलेला, आणि हिशोबनीस पगाराच्या दिवशी सकाळपासून एका मोठ्या ग्राहकाच्या कार्यालयात फोन लावत बसलेला. समोरून उत्तर ठरलेलं: ‘बिल वरती गेलंय, सहीला आहे.’ सहा महिने बिल सहीला होतं. त्या ग्राहकाकडे पैसा नव्हता असं नाही. तो लहान पुरवठादारांच्या पैशावर बिनव्याजी धंदा करत होता. याचा मला आजही राग येतो, कारण त्याची किंमत त्या कंपनीतल्या ४० घरांनी मोजली.

यावर कायदा किंवा बँका काही करू शकतात का?

करू शकतात, आणि काही देशांनी केलंही आहे. मेक्सिकोच्या सरकारी विकास बँकेने, नाफिनने, २००१ साली मोठ्या खरेदीदारांनी मान्य केलेल्या बिलांवर लहान पुरवठादारांना लगेच पैसे मिळतील अशी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. जोखीम लहान कंपनीच्या पतीवर मोजली जात नाही, मोठ्या खरेदीदाराच्या पतीवर मोजली जाते. त्यामुळे व्याज कमी पडतं. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं, बिलं वटवण्यासाठी ट्रेड्स ही व्यवस्था आली, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ते प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत त्या खर्चाची करवजावट मिळत नाही.

अडचण अशी की तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर गमावण्याची भीती असते. कायदा पुरवठादाराच्या हातात आहे, पण वापरायची हिंमत ग्राहकांच्या संख्येतून येते. एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त विक्री येत असेल तर कागदावरच्या हक्काला फार अर्थ राहत नाही.

वाढीसाठी कर्ज घ्यावं का? परकीय चलनातलं कर्ज स्वस्त पडतं असं म्हणतात.

कर्ज घ्यायला हरकत नाही, जोवर गुंतवलेल्या पैशावरचा परतावा व्याजापेक्षा ठळकपणे जास्त आहे. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर कर्ज घेणं म्हणजे एका मंद वर्षात अडचणीत येणं.

परकीय चलनाचं प्रकरण वेगळं. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपलं चलन बाहत मोकळं सोडलं. तोवर एका डॉलरला सुमारे २५ बाहत पडत. जानेवारी १९९८ मध्ये हा दर ५० च्या वर गेला. ज्या कंपनीची कमाई बाहतमध्ये आणि कर्ज डॉलरमध्ये होतं, तिचं कर्ज एक पैसाही नव्याने न घेता दुप्पट झालं. इंडोनेशियात तर याहून वाईट झालं. या कंपन्यांचे कारखाने चालू होते, माल चांगला होता, ग्राहकही होते. ताळेबंदाची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या चलनांत होती, एवढंच चुकलं.

डॉलरमध्ये कमाई असेल तर डॉलरमध्ये कर्ज ठीक. नसेल तर स्वस्त व्याजाबरोबर चलन घसरण्याचा धोकाही घरात येतो. हेजिंगचा, म्हणजे चलन घसरण्यापासून संरक्षण विकत घेण्याचा, खर्च मिळवला की तो स्वस्तपणा बऱ्याचदा नाहीसा होतो.

महागाईच्या काळात नफा एकदम वाढलेला दिसतो. तो खरा असतो का?

बराचसा नसतो. १०० ला घेतलेला माल तीन महिन्यांनी १५० ला विकला, तर वही ५० नफा दाखवते. पण तोच माल पुन्हा भरायला १४५ लागत असतील तर हातात खरे ५ उरले. कर मात्र ५० वर भरावा लागतो, आणि लाभांशही ५० डोळ्यांसमोर ठेवून वाटला जातो. घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी धरल्या जाणाऱ्या खर्चाचंही तसंच: दहा वर्षांपूर्वीच्या किमतीवर घसारा लावला की आजचा नफा फुगतो आणि यंत्र बदलायची वेळ आली की पैसा कमी पडतो.

तुर्कीत ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. तीन वर्षांची एकत्रित महागाई १०० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली तर आंतरराष्ट्रीय लेखा मानक २९ नुसार हिशोब आजच्या किमतींत बदलून मांडावे लागतात. असं केल्यावर अनेक चमकदार नफे विरून जातात.

महागाईवर जगणारे धंदेही असतात. १९९४ पूर्वीच्या ब्राझीलमध्ये लोकांचे पैसे खात्यात नुसते पडून राहिले तरी बँका कमवत, कारण रोज किंमत घटणाऱ्या बिनव्याजी ठेवी त्या चढ्या व्याजाने फिरवत. १९९४ च्या रेआल योजनेने महागाई खाली आणली, ती कमाई आटली, आणि पुढच्याच वर्षी सरकारला बँकांच्या फेररचनेचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

उभरत्या देशांत मोठमोठे उद्योगसमूह का दिसतात? एकाच कामावर लक्ष देणं चांगलं नाही का?

पुस्तकी सल्ला तसाच आहे. पण तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी १९९७ साली मांडलेला मुद्दा मला पटतो. जिथे भांडवलबाजार, कुशल माणसं तयार करणाऱ्या संस्था, करार पाळायला लावणारी व्यवस्था हे सगळं कच्चं असतं, तिथे या पोकळ्या कुणीतरी भरतं. भारतातला टाटा, तुर्कीतला कोच, दक्षिण कोरियातले चेबोल म्हणवले जाणारे घराण्यांचे उद्योगसमूह यांनी स्वतःच्या आत भांडवलबाजार चालवला, स्वतःचे व्यवस्थापक घडवले, आणि आपलं नाव हीच हमी म्हणून नव्या धंद्यांना दिली.

याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या कंपनीचा पैसा आजारी कंपनीत वळवला जातो आणि लहान भागधारकाला पत्ता लागत नाही. १९९९ साली कोरियाचा देवू समूह कर्जाखाली कोसळला तेव्हा हे सगळ्या जगाने पाहिलं.

पोकळी भरायला समूहच लागतो असंही नाही. केनियात २००७ साली सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं. बँकशाखा नसलेल्या भागात मोबाइलवरून पैसे पाठवता येऊ लागले आणि त्या कंपनीच्या कमाईचा तो मोठा आधार झाला. अशा देशात ‘इथे काय नाही?’ हा प्रश्न ‘इथे काय विकलं जातं?’ या प्रश्नापेक्षा जास्त नफ्याचा ठरू शकतो.

लहान कंपन्या वर्षानुवर्षं लहानच का राहतात?

चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ साली याची तुलना मांडली. अमेरिकेत ४० वर्षं जुन्या कारखान्यात पाच वर्षांच्या आतल्या कारखान्याच्या सात पटींहून जास्त कामगार असतात. भारत आणि मेक्सिकोत टिकून राहिलेले कारखाने तेवढ्याच काळात जेमतेम दुप्पट होतात. याच दोघांनी २००९ साली असाही अंदाज मांडला होता की भांडवल आणि कामगार अमेरिकेइतक्या चोखपणे चांगल्या कारखान्यांकडे वळले, तर उत्पादन क्षेत्राची उत्पादकता चीनमध्ये ३० ते ५० टक्के आणि भारतात ४० ते ६० टक्के वाढू शकते.

कारणं अनेक आहेत. ठरावीक आकार ओलांडला की वाढणारे नियम आणि कर, तारणाशिवाय न मिळणारं कर्ज, आणि मघाशी सांगितलेला विश्वासाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१७ साली विकसनशील देशांतल्या नोंदणीकृत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना न मिळालेल्या वित्तपुरवठ्याचा अंदाज केला होता: वर्षाला ५.२ लाख कोटी डॉलर.

वीज, रस्ते यांचा नफ्यावर खरंच एवढा परिणाम होतो?

होतो. दक्षिण आफ्रिकेत २०२३ मध्ये वर्षातले बहुतेक दिवस भारनियमन होतं. जनरेटरचं डिझेल खर्चात दिसतं, पण अर्धवट राहिलेली भट्टी, वाया गेलेला माल आणि उशिरा पोचलेली ऑर्डर वेगळ्या रकान्यात दिसत नाहीत. भारतात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे करतपासणी नाके उठले. ट्रक कमी थांबला की वाटेतला माल कमी होतो, म्हणजे वर केलेल्या हिशोबातले दिवस कमी होतात.

निर्यात केली तर कंपनी सुधारते का?

बहुतेक अभ्यास सांगतात की आधीच चांगल्या असलेल्या कंपन्या निर्यातीत उतरतात. तरी परदेशी ग्राहकाच्या तपासणीतून शिस्त लागते हेही खरं.

सरकारी सवलतींवर योजना आखावी का?

सवलत घ्या, पण ती वगळून हिशोब करा. सवलतीशिवाय तोट्यात जाणारा कारखाना उभारू नका.

नफा वाटून घ्यावा की पुन्हा धंद्यात घालावा?

मालकांच्या पैशावर १५ टक्के परतावा असेल आणि नफ्यातले ८० टक्के कंपनीतच ठेवले, तर नवे भांडवल न आणता आणि कर्जाचं प्रमाण न वाढवता कंपनी वर्षाला १२ टक्क्यांनी वाढू शकते. महागाई ८ टक्के असेल तर खरी वाढ चारच्या आसपास. विक्री २५ टक्क्यांनी वाढवायचं ठरवत असाल तर उरलेला पैसा कुठून येणार हे आधीच लिहून ठेवा. नव्या गुंतवणुकीवर व्याजाइतकाही परतावा दिसत नसेल तर पैसा वाटून टाकणंच योग्य. वाढ थांबवण्यात कमीपणा नाही.

आमची कंपनी लहान आहे. सुरुवात कुठून करू?

उद्या सकाळी उधारीची यादी काढा. ग्राहकांच्या नावांनुसार लावू नका, दिवसांनुसार लावा: ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६०, ६१ ते ९०, आणि त्यापुढची. शेजारी प्रत्येक ग्राहकाकडून सुटणारा नफा लिहा आणि त्यातून अडकलेल्या दिवसांचं व्याज वजा करा. दोन-तीन मोठे ग्राहक असे निघतात की ज्यांच्यावर प्रत्यक्षात काहीच सुटत नाही. त्यांच्याशी भाव, मुदत किंवा आगाऊ रक्कम, यांपैकी एकावर बोला. मग गोदामात जा आणि सहा महिने न हललेल्या मालावर पाटी लावा: कधी आला, किती किमतीचा. यादी दर सोमवारी नव्याने काढा आणि पाट्या महिन्याला तपासा.